रणभूमीकडे परतलेला पेन्शनर

७ ऑक्टोबर १९२७ रोजी फ्रान्समधील नव शापेल या गावी एका स्मारकाचे उद्घाटन झाले. १९१५ च्या मार्चमध्ये, १० ते १३ या चार दिवसांत, तेथे मोठी लढाई झाली होती आणि त्या लढाईत हिंदी फौजेची फार हानी झाली होती. हर्बर्ट बेकर या वास्तुशास्त्रज्ञाने गोल भिंतीचे आवार, मधोमध उंच स्तंभ आणि दोन बाजूंस दगडी वाघ अशी रचना केली. भिंतीवर सुमारे ४,७०० नावे कोरली. ज्यांना थडगे मिळाले नाही, ज्यांची राख कोठे गेली हे कोणाला ठाऊक नाही, अशांची ही नावे. हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी लॉर्ड बर्कनहेड यांनी उद्घाटन केले. फ्रान्सचे मार्शल फॉश हजर होते. आणि हिंदुस्थानातून शीख, डोग्रा व गढवाली शिपायांची एक तुकडी समुद्र ओलांडून मुद्दाम नेण्यात आली होती. त्यांच्यातील कित्येक जण बारा वर्षांपूर्वी याच मातीत लढले होते.

लढलेला शिपाई पुन्हा रणभूमीवर जातो, मेलेल्या सोबत्याचे नाव भिंतीवर शोधतो, त्या अक्षरांवरून बोट फिरवतो, हे दृश्य पहिल्या महायुद्धानंतर युरोपात नेहमीचे झाले. त्याला यात्रेचे रूप आले. त्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. सरकारांनी या यात्रांना मदत केली. यातून एक समज रूढ झाला की, रणभूमीकडे परतणे ही शिपायाच्या मनाची सहज ओढ आहे. त्यात अधिकाराचा प्रश्न येतोच कोठे?

मला वाटते, प्रश्न येतो. रणभूमीकडे परतायचे तर आधी रणभूमीवर जाऊ दिले गेले पाहिजे. परतणाऱ्याचे नाव किंवा त्याच्या सोबत्याचे नाव तेथे लिहिलेले असले पाहिजे. आणि परतायला त्याला घर असले पाहिजे, ज्या घराने त्याला लढलेला माणूस म्हणून ओळखले आहे. या तिन्ही गोष्टी ज्याला नाकारल्या गेल्या तो शिपाई कोठे परतणार? या प्रश्नाचे उत्तर नव शापेलच्या समारंभाच्या नऊ महिने आधी, त्याच १९२७ सालच्या १ जानेवारीस, पुण्याच्या ईशान्येस भीमेच्या काठी काही माणसांनी देऊन ठेवले होते. तेथे वाघ कोरलेले नव्हते, मार्शल नव्हता, सरकारी निमंत्रण नव्हते. तेथे शिवराम जानबा कांबळे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि महार पलटणींची परंपरा सांगणारी माणसे होती. या दोन घटना एकाच वर्षात घडल्या, पण आपल्या इतिहासलेखनात त्या एका ओळीत कधी आल्या नाहीत. त्या एकत्र ठेवून पाहाव्यात एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम लढाईविषयी. कोरेगावबद्दल आपल्या सभांतून जे बोलले जाते त्यात आवेश पुष्कळ असतो. तो असायला माझी हरकत नाही. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला आवेशाच्या आधी हिशेब मांडावा लागतो. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे ३०० स्वार आणि मद्रास तोफखान्याचे गोरे गोलंदाज व दोन तोफा होत्या. एकंदर आकडा ८३४ असा सांगतात. सकाळी भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीरावाचे मोठे सैन्य दिसले. स्टाँटनने कोरेगावात शिरून आसरा घेतला. पेशव्यांच्या २८,००० सैन्याचा आकडा नेहमी सांगितला जातो. परंतु गावात शिरून हातघाईची लढाई केली ती त्यातील अरब, गोसावी वगैरेंच्या पायदळ तुकड्यांनी, आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती. रात्रभर चाललेली, उपाशी, पाण्यावाचून तळमळणारी पलटण दिवसभर गावातल्या घरांच्या आडून लढली. रात्री हल्ला थांबला. जनरल स्मिथची फौज येत असल्याची बातमी होती. पेशवा पुढे निघून गेला. कंपनीच्या बाजूचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या आसपास होते. म्हणजे तिघांत एक.

या लढाईने पेशवाई बुडाली, असे म्हणणेही काटेकोर नाही. शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण दीड महिना आधी, नोव्हेंबर १८१७ मध्येच लागले होते. बापू गोखले अष्टीच्या लढाईत फेब्रुवारी १८१८ मध्ये पडले आणि बाजीराव जूनमध्ये शरण आला. कोरेगाव हे त्या साखळीतील एक कडे होते. पलटणीत सगळेच महार होते असेही नाही. मराठे, रजपूत, मुसलमान, बेने-इस्राएल असे मिश्र सैन्य होते. हे सांगितल्याने कोरेगाव लहान होते असे ज्यांना वाटते त्यांनी थोडे थांबावे. कोरेगावचे मोठेपण आकड्यांत नाही, ते दगडावरच्या नावांत आहे.

२६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची पायाभरणी झाली. स्तंभावर इंग्रजीत व मराठीत लेख कोरले गेले आणि पडलेल्यांची नावे कोरली गेली. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘नाक’ म्हणजे महार, यात तेव्हा कोणाला शंका नव्हती. गावच्या दप्तरात हे नाव बलुत्याच्या आणि वेठीच्या संदर्भात येत असे: अमकनाक येसकर, तमकनाक पाडेवार. कोरेगावच्या दगडावर तेच ‘नाक’ मराठ्याच्या, रजपुताच्या नावाच्या पंक्तीला बसले. पंगत मेलेल्यांची होती, हे खरे. पण गावात मेलेल्यांचीही पंगत वेगळीच असते. मसणवटे वेगळे असतात. महाराष्ट्राच्या भूमीवर महारांची नावे इतरांच्या बरोबरीने, सर्वांना दिसतील अशी दगडात कोरलेली यापूर्वी कोणी पाहिली होती?

कंपनीने हे माणुसकीच्या उमाळ्याने केले, असे समजण्याचे कारण नाही. कंपनी व्यापारी होती. नवे राज्य टिकवायचे तर निष्ठेची जाहिरात हवी. स्तंभ ही ती जाहिरात होती. परंतु जाहिरातीसाठी कोरलेले नावही नावच असते. ते एकदा कोरले की, कोरणाऱ्याच्या हेतूपेक्षा जास्त जगते.

या रणभूमीवर परतलेला पहिला शिपाई कोण, हेही पाहण्यासारखे आहे. १८२४ साली स्तंभाच्या देखभालीसाठी खंडोजी गजोजी जमादार माळवदकर यास सनद देऊन नेमण्यात आले. तो याच लढाईत जखमी झालेला होता. ज्या मातीत त्याचे रक्त सांडले त्याच मातीत त्याला राखणदार म्हणून बसवले. लढलेल्याने स्मारक राखावे, ही कल्पना अशी कोरेगावला आरंभापासून चिकटलेली आहे.

आता पलटणीतून सुटून घरी गेलेल्या महार शिपायाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. पलटणीने त्यांना वेळेवर पगार दिला, निवृत्तीनंतर पेन्शन दिले आणि मुख्य म्हणजे अक्षर दिले. लष्करी शाळांतून शिपायांच्या मुलांना शिकवले जाई. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत मुख्याध्यापक होते. गोपाळबुवा वलंगकर पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ बाहेर पडले. अस्पृश्यतेला जाहीर प्रश्न विचारणारा हा पेन्शनर होता, हा योगायोग नव्हे. ज्याने एकदा हुद्दा धारण केला आहे, ज्याला सलाम मिळाला आहे, त्यालाच पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून जोहार घालताना त्यातली विटंबना पुरती कळते. न शिकलेल्या, गाव न सोडलेल्या महाराला ती कळत नव्हती असे मी म्हणणार नाही. पण पेन्शनराजवळ तुलना होती. त्याने दुसरे जग पाहिले होते.

रणभूमीवरून घरी परतणे हे इतरांसाठी सन्मानाचे असते. महार शिपायाला घरी परतणे म्हणजे हुद्दा वेशीबाहेर ठेवणे होते. म्हणून दापोलीसारख्या कॅम्पच्या गावी पेन्शनरांनी वस्त्या केल्या. गाव टाळण्याचा तो मार्ग होता. जुन्या पलटणीच्या सावलीत म्हातारपण काढावे, मुले शिकवावीत, गावच्या वेठीला त्यांना पुन्हा जुंपू नये.

आणि हा मार्गही बंद झाला. १८५७ नंतर, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात, ‘लढवय्या जातीं’चे शास्त्र निघाले. अमुक जातीच्या रक्तात शौर्य आहे, तमुकाच्या नाही, अशी वर्णव्यवस्था इंग्रजांनी फौजेत आणली. मनूला तरी ग्रंथाचा आधार लागला. यांना भरती अधिकाऱ्यांच्या टिपणवह्या पुरल्या. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती थांबली. कोरेगावात लढलेली पलटण पुढे ग्रेनेडियर्स म्हणून नावारूपाला आली, कोरेगावचा मान तिने मिरवला. पण ज्यांची बावीस नावे त्या दगडावर आहेत त्यांच्या नातवंडांना त्या पलटणीचे दार बंद झाले. वलंगकरांच्या मंडळींनी १८९४ च्या सुमारास सेवेचा दाखला देऊन अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये स्टेट सेक्रेटरी अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज धाडला. अर्ज नम्र भाषेत होते. पण या अर्जांकडे केवळ ‘राजनिष्ठेची याचना’ म्हणून पाहणे बरोबर नाही. बापजाद्यांनी दिलेल्या रक्ताची पावती मागणारे ते कागद होते.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा नव शापेलला गेलेल्या हिंदी फौजेत महारांची लढाऊ पलटण नव्हती, ती याच कारणाने. मग त्या युद्धात अस्पृश्य नव्हते काय? होते. झाडूवाले होते, भिस्ती होते, रुग्णालयांत घाण उपसणारे होते. फौजेच्या भाषेत ते ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारे. इंग्लंडच्या दक्षिणेस ब्रोकनहर्स्ट येथे हिंदी जखमींसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होते. तेथे बरेलीचा सुखा नावाचा सफाई कामगार होता. १२ जानेवारी १९१५ रोजी तो मेला, वय तिशीचे. त्याची हकीकत अशी सांगतात की, त्याच्या अंत्यसंस्काराचा प्रश्न उभा राहिला. हिंदूंच्या दहनभूमीत अस्पृश्य म्हणून घेईनात, मुसलमानांच्या दफनभूमीत मुसलमान नव्हे म्हणून घेईनात. अखेर तेथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात ख्रिस्ती गावकऱ्यांनी त्याला जागा दिली आणि वर्गणी काढून दगड उभारला. त्यावर त्याचे नाव, मोहल्ला, गाव सारे लिहिले आहे. तो ख्रिस्ती नव्हता हेही लिहिले आहे. सात समुद्र ओलांडून गेला तरी जात त्याच्या प्रेताला चिकटून राहिली. या सुखाच्या थडग्याकडे त्याच्या सोबत्यांपैकी कोण परतणार होते, आणि कोणाच्या खर्चाने?

१९१७ मध्ये माणसांची टंचाई पडली तेव्हा मात्र रक्ताचे शास्त्र गुंडाळून ठेवण्यात आले आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, काटकसर आली, १९२१ मध्ये पलटण मोडली. गरज असता बोलवावे, गरज सरता हाकलावे, हे महाराला नवे नव्हते. गावाने शतकानुशतके त्याला असेच वागवले होते. फरक एवढाच की, आता त्याने कवायत शिकलेली होती.

साम्राज्याने नावांचे काय केले तेही पाहावे. मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, पडलेल्यांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक झाले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे आहेत; हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत; पण हिंदी साध्या शिपायांची नावे भिंतीवर नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. कुतच्या वेढ्यात उपासमारीने खंगलेले मराठी शिपाई त्या आकड्यांत आहेत. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल काढून कबूल केले की, आशिया-आफ्रिकेतील सैनिकांचे व मजुरांचे स्मरण समान रीतीने केले गेले नाही. निदान १,१६,००० मृतांची नावे एकतर लिहिली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच केले नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो. शंभर वर्षांनी आलेली ही कबुली आहे.

म्हणून कोरेगावच्या दगडाकडे पुन्हा एकदा पाहा. १८२१ च्या व्यापारी कंपनीने साध्या ‘नाक’ शिपायाचे नाव लिहिले. १९२९ च्या साम्राज्याने त्याचा आकडा केला. जिथे आपले नाव आहे अशी एकच रणभूमी महाराजवळ शिल्लक होती. तो तिथे गेला. तो तिथे स्वतः लढलेला नव्हता, पण जिथे लढला तिथे जाण्याचा रस्ता त्याला नव्हता.

याचा प्रत्यय मला आमच्या गावच्या एका निवृत्त हवालदाराने दिला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. १९६९ मध्ये भरती झाले, १९७१ च्या युद्धात पश्चिम सरहद्दीवर मशीनगनवर होते. माझ्या घरात पुस्तक पहिल्यांदा माझ्याबरोबर आले. आबांच्या घरात ते फौजेच्या पेटीतून आले होते, आणि माझी मॅट्रिकची पहिली उजळणी त्यांच्याच ओसरीवर झाली. काही वर्षांपूर्वी १ जानेवारीस मी त्यांच्याबरोबर कोरेगावला गेलो. पहाटेची थंडी, निळ्या टोप्यांची दाटी, लेकरे खांद्यावर घेतलेले बाप. आबांनी कोट घातला होता, त्यावर पदके. स्तंभाजवळ येताच ते ताठ झाले, सलाम केला आणि बाजूला येऊन उभे राहिले. मी विचारले, “आबा, तुम्ही लढलात ती जागा पुन्हा कधी पाहावीशी वाटत नाही?”

ते म्हणाले, “वाटून काय करता, मास्तर? ज्या बांधाला आम्ही गन लावली होती तो बांध करारात पलीकडं गेला. आता तो पाकिस्तानात. माझा जोडीदार त्याच बांधाशी गेला. तिथं दिवा कोण लावणार? म्हणून हितं येतो. हितं आपल्या माणसाचं नाव तरी हाय.”

मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पलटणीत जात नव्हती असं मी म्हणणार नाही. पण गोळी सुटल्यावर कुणी पाण्याची बाटली पुसून घेतली नाही. घरी रजेवर आलो तवा अंगावर वर्दी होती, तरी स्टँडावरच्या हॉटेलात माझी कपबशी बाहेर खुंटीला होती. वर्दी दिल्लीला कळती, खुंटीला कळत नाही.”

१९७२ मध्ये सिमला करारानंतर पश्चिम आघाडीवरची जिंकलेली भूमी परत दिली गेली, हे मी वर्गात शिकवतो. त्या वाक्यात एका हवालदाराचा बांध आणि त्याचा जोडीदारही पलीकडे गेला, हे पाठ्यपुस्तकात नसते. राष्ट्रांनी तह करावेत, तेच शहाणपणाचे. पण शिपायाची रणभूमी तहात गेली म्हणजे त्याची स्मृती कोठेतरी उतरायला जागा मागते. १९२७ च्या पेन्शनराची स्मृती अशीच कोरेगावात उतरली.

आता १ जानेवारी १९२७ कडे येऊ. बाबासाहेब तेव्हा पस्तिशीत होते. स्वतः सुभेदाराचे पुत्र; महूच्या लष्करी छावणीत जन्मलेले. दगडावरची ‘नाक’ नावे त्यांना परकी नव्हती. या भेटीत भरतीबंदीचा अन्याय मांडला गेला, म्हणजे वलंगकर-कांबळ्यांचा जुना अर्ज पुन्हा मांडला गेला. पण यावेळी तो कागदावर नव्हता, लोकांसमोर होता. आणि साहेबाच्या कचेरीत नव्हता, पूर्वजांच्या नावांखाली होता. अर्ज करणारा हात खाली असतो. नावाखाली उभे राहणाऱ्याची मान वर जाते. पुढची घटना पाहा. अडीच महिन्यांत, १९ व २० मार्चला, महाडची परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले. त्या परिषदेत फौजेतून परतलेली माणसे होती. तळ्यावरून परतणाऱ्यांवर सनातन्यांनी लाठ्या चालवल्या तेव्हा त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी ते आवरले. लढणे ज्याला येते त्याचे न लढणे हीच सत्याग्रहाची खरी ताकद असते. ही शिस्त आली कोठून, हे शोधायचे तर छावणीकडेच जावे लागते. कोरेगाव ते महाड हे अंतर असे मोजले पाहिजे.

पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली. बाबासाहेब त्या वर्षी व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर होते. रेजिमेंटच्या पहिल्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे चिन्ह बदलले, स्तंभ गेला, आणि ते समजण्यासारखेही आहे. स्वतंत्र देशाच्या फौजेने कंपनीच्या विजयाचे चिन्ह डोक्यावर धरू नये, या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दगड बिल्ल्यावरून गेला तरी माणसांच्या वाटेवरून गेला नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: परकीयांच्या बाजूने स्वकीयांविरुद्ध लढलेल्यांचा उत्सव कसला करता? आक्षेप टाळू नये, त्याला उत्तर द्यावे. पहिली गोष्ट, १८१८ च्या लढाईत पेशव्यांचे मुख्य पायदळ अरबांचे होते आणि कंपनीच्या पलटणीत मराठेही होते. त्या काळची फौज पगारावर चाले. दुसरी गोष्ट, महार पेशव्यांसाठीही लढले आहेत. खर्ड्याच्या लढाईतील शिदनाक महाराची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि त्याच्या तंबूच्या विटाळावरून उठलेला वादही ठाऊक आहे. तिसरी गोष्ट, ‘स्वकीय’ हा शब्द एकतर्फी वापरता येत नाही. पेशवाईत अस्पृश्यांवर कोणते निर्बंध होते याविषयी बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या, न होऊ दिलेल्या भाषणात लिहिलेच आहे. ज्याला सावलीसह दूर ठेवले तो लढाईच्या दिवशी अचानक स्वकीय कसा होतो?

पण आपल्या बाजूलाही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोरेगावात पडलेल्या त्या बावीस जणांनी रोजनिशी लिहून ठेवली नाही. जातीचे राज्य उलथायचे म्हणून ते लढले, असे म्हणायला कागद नाही. ते मिठाला जागले, पलटणीला जागले, शेजारच्या सोबत्याला जागले, एवढे म्हणता येते. जातिमुक्तीचा अर्थ त्या दगडाला १८१८ ने दिलेला नाही. तो १९२७ ने दिला. आणि हे त्या अर्थाचे न्यून नव्हे. शिलालेख कोरणारा एक असतो, वाचणारा दुसरा. इंग्रजांनी कोरले ते आपल्या विजयासाठी; पेन्शनरांनी वाचले ते आपल्या माणूसपणासाठी. स्मारकाचा मालक शेवटी वाचणाराच ठरतो. असा इतिहास आपण मांडला तर आकडे फुगवण्याची गरज पडत नाही आणि कोणी एखादा आकडा खोडला म्हणून आपला पायाही हलत नाही.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, त्या परिसरात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. चौकशी आयोग बसला, खटले चालले. त्या दिवशी जमलेल्यांत म्हातारे निवृत्त सैनिक होते, बायाबापड्या होत्या. नावे वाचायला आलेल्यांवर दगड यावेत, याचा अर्थ असा की, ती नावे अजून जिवंत आहेत आणि कोणाला तरी अजून सलतात. मेलेल्या स्मारकावर कोणी दगड मारत नाही.

तेव्हा करायचे काय? घोषणा पुष्कळ झाल्या. माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक महारवाड्यात, आज ज्याला आपण बुद्धवाडा किंवा भीमनगर म्हणतो तिथे, कोणाच्या तरी माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीत पेन्शनचे कागद आहेत, सुटल्याचा दाखला आहे, गंज चढलेले पदक आहे, बसऱ्याहून किंवा बर्म्याहून आलेले एखादे कार्ड आहे. घर नवे बांधताना ही पेटी रद्दीत जाते. पदक मोडीच्या भावाने जाते. १११ व्या पलटणीतल्या शिपायांची, १९४१ नंतर भरती झालेल्यांची नावे आपल्याच घरांत आहेत, आणि आपण ती आकड्यांच्या भिंतीत जमा होऊ देत आहोत. बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाजवळच्या वाळवंटात हलवले गेले. दगडही हलवता येतो. नाव मात्र ज्याने लिहून घेतले त्याच्याजवळ राहते.

आमच्या कॉलेजातल्या मुलांना मी या वर्षी प्रकल्प म्हणून हेच काम दिले आहे: आपल्या वस्तीतल्या एका फौजी माणसाचे नाव, पलटण, भरतीचे साल, तो जिथे लढला ती जागा आणि परतल्यावर गावाने त्याला कसे वागवले, एवढे पाच रकाने भरून आणायचे. चौथ्या रकान्यापर्यंत मुलांची वही भराभर भरते. पाचव्यापाशी म्हातारे थांबतात, इकडे तिकडे बघतात, मग बोलू लागतात. तो पाचवा रकाना कोणत्याही स्मारकावर कोरलेला नाही. तो आपल्यालाच लिहावा लागेल, आणि म्हातारे आहेत तोवर लिहावा लागेल.